डाव्या समासातलं मौन

काच उचलली तेव्हा पानाचा एक तुकडा सुटून टेबलावर पडला, आणि गेबहार्ट हेफेलेच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता याचा अहवाल लिहावा लागणार. संग्रहालयाच्या दुरुस्तीखान्यात काहीही पडलं की अहवाल लिहितात. चमचा पडला तरी त्याखाली काय होतं ते लिहितात. तुकडा बोराएवढा, पांढरट. त्यानं तो चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरला. वासराच्या कातड्याला केसांची बारीक छिद्रं असतात, त्यावरूनच तर चर्मपत्र ओळखायचं, तशी याला नव्हती. हा मऊ होता. कडेला सुईची दोन भोकं होती आणि भोकांत पांढऱ्या दोऱ्याचा एक धागा अजून शिल्लक होता. हातमोज्याचं कातडं. बायका लग्नात घालतात त्या पांढऱ्या हातमोज्याचं. आणि तुकडा जिथून पडला होता तिथे, डाव्या समासात, वेलीच्या शेवटच्या वळणावर, पक्ष्याच्या आकाराचं भोक होतं. चोच, शेपटी, फांदी धरलेला एक पाय. कात्री इतकी नेमकी फिरली होती की पक्षी उडून गेला असं म्हणायला हरकत नव्हती, फक्त पक्षी उडताना जागा बरोबर घेऊन जात नाहीत.

तो शांतपणे खुर्चीवर बसला. शांत बसणं हा त्याच्या नोकरीचा भागच होता. हे पान तो लहानपणापासून ओळखत होता. आईच्या घरी सोफ्याच्या वर, आउग्सबुर्गच्या सगळ्या सोफ्यांवर जिथे हरणाचं चित्र असतं तिथे, हे लटकत होतं. आई इस्पितळात गेली तेव्हा प्रदर्शनासाठी म्हणून त्यानं ते उतरवून आणलं होतं. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी हातानं लिहून रंगवलेल्या प्रार्थनापुस्तकाचं एक पान. बाकीचं पुस्तक चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीतल्या बॉम्बहल्ल्यात मठासकट जळलं. त्या सकाळी शहरभर जळके कागद उडत होते, आगीच्या बंबातलं पाणी गोठलं होतं, आणि आई वाळत घातलेले, लाकडासारखे कडक झालेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेली तर दोरीखाली बर्फावर हे पडलेलं. कडासुद्धा करपल्या नव्हत्या. ती परत करायला गेली, पण परत घ्यायला मठ नव्हता आणि नन्सही नव्हत्या. पाद्री म्हणाला, सांभाळ, बांधू तेव्हा दे. बांधलं नाही, पाद्रीही गेला. पुढे मुलगा म्युनिकला शिकायला गेला आणि त्यानंच शोधून काढलं की सोफ्यावर टांगलेलं हे पान म्हणजे त्या पुस्तकाचा जगात उरलेला एकमेव अवशेष आहे. त्यावर त्यानं प्रबंध लिहिला. ‘डाव्या समासातलं मौन’. त्याचा सिद्धान्त असा की चित्रकारानं समासात काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडल्या. वेल पक्ष्याच्या तयारीनं वळते आणि पक्षी येत नाही. स्ट्रॉबेरीचा देठ असतो, फळ नसतं. इथे, त्यानं तेविसाव्या वर्षाच्या आत्मविश्वासानं लिहिलं होतं, देवाची अनुपस्थिती रंगवलेली आहे. त्या वाक्यावर त्याला नोकरी लागली. हॅम्बुर्गच्या एका प्राध्यापकानं विरोध केला: अनुपस्थिती वगैरे काही नाही, चित्रकार प्लेगनं मेला असावा. दोघं बरीच वर्षं नियतकालिकांतून भांडले. शेवटी प्राध्यापक मेला, त्यामुळे गेबहार्टचा सिद्धान्त टिकला.

फोन वाजला. वरच्या मजल्यावरून संचालिका सायबोल्डबाई.

“हेफेले, पाटी छापायला देतेय. ‘चित्रकाराचं धाडसी मौन’ असं लिहू का नुसतं ‘मौन’?”

“नुसतं मौन,” तो म्हणाला.

“धाडसी चांगलं वाटतं पण. लोकांना रिकामी जागा आवडत नाही, धाडस आवडतं. रविवारी उद्‌घाटन आहे, लक्षात आहे ना? आणि आई कशा आहेत?”

“बऱ्या आहेत,” तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर ब्रशच्या टोकानं दुसरी रिकामी जागा हलकेच ढकलली. तीही सुटली. मग तिसरी. हे सगळं हातमोज्याचं कातडं होतं, चहात बुडवून रंग जुळवलेलं, मागून इतक्या बारीक टाक्यांनी धरलेलं की आधी कुणी मागे पाहिलं असतं तरी दिसलं नसतं. त्यानं कपाटातून स्वतःचा प्रबंध काढला. त्यातल्या फोटोत समासात एक ससा होता, एक गोगलगाय आणि पिशवीसारखं वाद्य फुंकणारं एक माकड. टेबलावरच्या पानात ते नव्हते. म्हणजे मौन वाढत गेलं होतं. तो प्रबंध लिहून झाल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर आणि मोडल्यावरसुद्धा हे चालू होतं, आणि तो दर रविवारी त्याच सोफ्यावर त्याच पानाखाली बसून केक खात होता. दिवसभर भिंगातून परक्यांच्या वस्तू बघणाऱ्या माणसाला आईच्या घरची भिंत बघायचं काही कारण नसतं. पानावर आता एकच आकृती उरली होती. पहिल्या मोठ्या अक्षराच्या पोटात उभी असलेली, अंगठ्याएवढी संत बार्बारा, मनोरा आणि प्याला घेतलेली, हिंगुळी लाल झग्यात.

कुणी केलं हा प्रश्न त्याला पडलाच नाही. आई गिरणीत रफू करायची. मागावरून उतरलेल्या ताग्यातला तुटलेला धागा शोधायचा आणि नसल्यासारखा करायचा, हेच तिचं आयुष्यभर काम. घरी चौकट भिंतीवरून फक्त तीच काढायची, ईस्टरच्या आधी, धूळ पुसायला. दुसऱ्या कुणी हात लावला तर ओरडायची. विद्यार्थी असताना त्यानं उघडून बघू का विचारलं होतं. “काचेतून दिसत नाही का? मला तर दिसतं,” असं ती म्हणाली होती, आणि त्यानं सबंध प्रबंध काचेतून लिहिला. का केलं, हे मात्र त्याच्या डोक्याआधी जिभेला आठवलं. लाल ताप. तो सहा वर्षांचा, घसा आतून सोलल्यासारखा, खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. रव्याची पातळ लापशी, साखर नसलेली, आणि तिच्यात काहीतरी, जे चावलं जात नव्हतं. “गिळ,” आई म्हणत होती, “साय आहे ती.” दूध कुठून आलं असेल, त्या वर्षी? हा प्रश्न सुचायला त्याला चाळीस वर्षं आणि एक भिंग लागलं होतं.

त्यानं कोट घातला आणि इस्पितळात गेला.

आई उशांना टेकून बसली होती. ऑपरेशनला आठवडा होऊन गेला होता. तिच्या शेजारच्या खाटेवर रौखबाई होत्या, कमरेचं हाड मोडलेल्या. त्यांना भेटायला कुणी येत नसे म्हणून त्या आईला भेटायला येणाऱ्यांना भेटत.

“चौकट उघडलीस,” आई म्हणाली. त्यानं अजून टोपीही काढली नव्हती.

“एक तुकडा पडला.”

“कुठला?”

“पक्षी.”

“तो पहिला. तेव्हा हात बसला नव्हता माझा. आणि डिंक लढाईतला, पिठाचा.”

“आई, पक्षी कुठाय?”

“कुठे असणार. तुझा ताप उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाला, बाई, औषध नाही, आता प्रार्थना करा. मी म्हटलं करते, तर तो लगेच निघाला. मग मी कात्री घेतली.”

“आमच्याकडे पण होतं हे,” रौखबाई म्हणाल्या. “जत्रेत नन्स विकायच्या, पोस्टाच्या तिकिटांसारख्या एकाच कागदावर ओळीनं छापलेल्या. एक माता मरियम कापायची, पाण्यात बुडवायची, की गिळायची. माझी आजी गायीलासुद्धा द्यायची, पावात घालून. गायीला गुण यायचा.”

“त्या छापील, रौखबाई,” आई म्हणाली, कापडाच्या दुकानात खोट्या रेशमाकडे बघावं तसं. “ही हातानं रंगवलेली होती.”

गेबहार्ट खुर्चीवर बसला. आपण पोलिसासारखे प्रश्न विचारतोय हे त्याला कळत होतं, पण दुसरे कसले विचारायचे ते सुचत नव्हतं. “गोगलगाय?”

“तुझी म्युनिकची परीक्षा. म्हटलं, हळू का होईना पोचेल.”

म्हणजे ज्या आठवड्यात तो परीक्षकांसमोर उभा राहून या पानाविषयी बोलत होता त्याच आठवड्यात पानाचा काही भाग त्याच्या पोटात होता. परीक्षकांनी विषयाशी असलेल्या त्याच्या जवळिकीचं कौतुक केलं होतं. “आणि ससा?”

“तुला मूल व्हावं म्हणून.”

“झालं नाही.”

“कसं होणार? अर्धं काम तिचं. तुझा ससा तू खाल्लास, ती माझं सूप बाजूला सारायची. चरबी फार असते म्हणे.”

“आणि माकड घटस्फोटाच्या वेळी.”

“हो.”

“मला बरं वाटावं म्हणून का घटस्फोट मिळावा म्हणून?”

“आता ते जाणून काय करणार आहेस?” आई म्हणाली. रौखबाई चादरीत तोंड घालून हसल्या आणि त्यांना कंबर दुखली.

“आई, त्या लालमध्ये हिंगूळ आहे. म्हणजे पारा. पिवळ्यात हरताळ, ते चक्क विष. पांढऱ्यात शिसं. आम्ही हातमोजे घालून हात लावतो त्याला.”

“किती वर्षांचा झालास तू?”

“शेहेचाळीस.”

“मग,” आई म्हणाली.

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं. त्याला वाटलं, त्या पुस्तकाचा जगात उरलेला अवशेष म्हणजे शास्त्रशुद्ध बोलायचं तर मीच; समास निदान. मलाच काचेखाली ठेवायला हवं. हे त्याला विनोदी वाटलं.

“बार्बारा राहिलीय ना,” आई म्हणाली. “ती घेऊन ये. मला.”

आधी त्याला कळलं नाही, म्हणजे कळलं पण त्यानं कळू दिलं नाही. डॉक्टरनं त्याला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं की पोट उघडलं, बघितलं आणि पुन्हा शिवलं. आईंना सांगू नका, उमेद जाते. त्यानं मान डोलावली होती आणि जबाबदार माणूस असल्यासारखं त्याला वाटलं होतं. “तू बरी होणार आहेस,” तो म्हणाला. “बरं व्हायला दुसरे संत असतात.”

“ते माहीत आहे. म्हणूनच बार्बारा. ती कशाला असते ते मी तुला सांगायला नको, त्याचाच पगार घेतोस.”

रौखबाईंनी उशाशी चालू असलेला रेडिओ बंद केला. बार्बारा कशाला असते ते त्यांनाही माहीत होतं. खाणवाले, तोफवाले, ज्यांचं कधी काय होईल सांगता येत नाही असे सगळे तिला धरतात, ते जगण्यासाठी नाही, नीट मरता यावं म्हणून. न सांगता, अर्धवट, बोलायचं राहून मरण येऊ नये म्हणून. आईनं आयुष्यात ज्या ज्या गोष्टी मागितल्या होत्या त्या त्याच्यासाठी होत्या आणि त्यानं त्या खाल्ल्या होत्या. ही पहिली तिची.

“रविवारी प्रदर्शन आहे,” तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज ऐकून थिजला. पण थांबला नाही. “जगात एकच पान उरलंय, आई. ती गेली तर काही राहणार नाही त्यावर.”

“वेल राहील की,” आई म्हणाली.

त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उद्या येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो दुरुस्तीखान्यात दार लावून बसला आणि त्यानं असं काम केलं, जे त्याच्यासारख्यालाच सुचू शकतं. त्यानं बार्बाराची नक्कल केली. वासराचं नवं चर्मपत्र घासून पातळ केलं. शिशाऐवजी खडू, हिंगुळाऐवजी मंजिष्ठेची मुळी, हरताळाऐवजी केशर. सगळं खाण्याजोगं. दुरुस्ती करणाऱ्यानं मूळ वस्तूत स्वतःची एक रेघ घालायची नसते, हा नियम तो नव्या मुलांना घोकायला लावत असे. किती वर्षांत त्यानं रेघ म्हणून काढली नव्हती. आता ब्रश हातात घेतल्यावर हात थरथरला नाही याची त्याला भीती वाटली. झग्याच्या चुण्या, मनोऱ्याच्या तीन खिडक्या, प्याला. चेहरा करताना तो बराच वेळ थांबला. मूळ चेहऱ्यावर काही भाव नाही, असं त्यानं प्रबंधात लिहिलं होतं, ‘पारलौकिक अलिप्तता’. भिंगातून तो चेहरा आता नुसता दमलेला दिसत होता, पाळी संपवून गिरणीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या बाईसारखा. त्यानं तसाच रंगवला. संध्याकाळी दोन बार्बारा शेजारी शेजारी होत्या आणि त्याला स्वतःचा अभिमान वाटला. पान वाचलं, आईचा शब्द राहिला, विषबाधाही नाही. सगळ्यांचं समाधान होईल असा मार्ग निघाला की त्याला नेहमी बरं वाटे. घटस्फोटाच्या वेळीही वाटलं होतं.

इस्पितळात आई कालच्यापेक्षा लहान झाली होती. त्यानं सफरचंदाच्या गरात ती अंगठ्याएवढी बाई ठेवली आणि चमचा पुढे केला. आईनं तोंडात घेतली. डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग तिनं दोन बोटांनी ती बाहेर काढली आणि बशीत ठेवली.

“हे आजचं आहे,” ती म्हणाली.

“नाही गं.”

“गेबहार्ट. कडू नाही हे. त्या सगळ्यांना कडवटपणा असतो, मागाहून येतो, जीभ मेल्यासारखी होते. पक्ष्याला सगळ्यात जास्त होता.”

“तुला काय माहीत पक्षी कसा लागतो?”

“म्हणजे? अर्धा आधी मी खायची.” त्यानं काहीतरी भलतंच विचारलं असावं तशी ती बघत होती. “सकाळी अर्धा मी. दिवसभर बघायचं, पोटात दुखतंय का, उलटी होतेय का. नाही झालं की संध्याकाळी उरलेला तुला. रंगात विष असतं हे तुला पुस्तकातून कळलं. आमचं रफूखातं रंगखात्याला लागून होतं, आम्हाला नाल्यातल्या माशांवरून कळायचं.”

“प्रत्येक वेळी?”

“तर काय. पोराला तसंच देऊ?”

त्यानं चमचा बशीत ठेवला. काल त्यानं तिला हिंगूळ, हरताळ, शिसं असं शिकवलं होतं, आणि ती ‘मग’ म्हणून गप्प बसली होती. भोळेपणा म्हणून त्यानं तो क्षण मनात नोंदवूनही ठेवला होता, कुणाला तरी सांगायला. पक्षी, स्ट्रॉबेरी, गोगलगाय, ससा, माकड. अर्धं त्याचं, अर्धं तिचं, तिचं आधी. आणि डॉक्टरनं उघडून, बघून पुन्हा शिवलेलं ते पोट. शास्त्र सांगेल की इतक्या वर्षांत विखुरलेल्या इतक्याशा रंगानं कुणाचं काही होत नाही. शास्त्र तो चांगलं शिकला होता, ते बरोबर असणार. तो ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि दर वेळी ते शेवटच्या शब्दाशी अडत होतं. त्याला तिला विचारायचं होतं की दुखलं का कधी. दुखलं असतं तर तिनं त्याला दिलं नसतं. पण मग दुखलं तेव्हाचे कोणते, जे तिनं दिलेच नाहीत? फोटोतसुद्धा रिकाम्याच असलेल्या आणखी काही जागा समासाच्या खालच्या बाजूला होत्या. त्यांत काय होतं ते त्याला माहीत नव्हतं, ते आपण खाल्ल्याचं आठवतही नव्हतं. त्यानं विचारलं नाही.

आई बशीतल्या बार्बाराकडे बघत होती. “छान जमलीय पण. चेहरा मूळच्यापेक्षा बरा आहे, मूळची जरा बहिरी वाटते. ही तुझ्या संग्रहालयाला लाव. त्यांना कुठे खायचीय.”

रौखबाईंनी बशी मागितली, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “मला ही चालली असती हो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मूळ बार्बारा कापली. शस्त्रक्रियेची असते तशी बारीक सुरी होती त्याच्याकडे. पाचशे वर्षांच्या कातड्यातून ती जाताना कुरकुर आवाज झाला, बर्फावर पाऊल पडल्यासारखा. जळताना वाचलेली, उडत आलेली, न करपता बर्फावर पडलेली ती, त्यानं स्वच्छ उजेडात, हातमोजे घालून कापली. मग सफरचंदाचा गर धुऊन वाळवलेली दुसरी तिच्या जागी बसवली, आणि मागून आईच्या टाक्यासारखा टाका घालायचा प्रयत्न केला. तिच्याइतका जमला नाही. समासातल्या रिकाम्या जागाही त्यानं हातमोज्याच्या त्याच कातड्यानं पुन्हा बंद केल्या. सायबोल्डबाई चौकट न्यायला स्वतः खाली आल्या.

“अगंबाई, रंग किती ताजे वाटतात.”

“साफ केलं,” तो म्हणाला.

“आणि चेहरा. किती माणसाळलेला. तुम्ही अलिप्तता वगैरे लिहिलं होतं ना?”

“चूक होती ती.”

“हेफेले, तुम्ही चूक म्हणताय?” त्या खरंच चकित झाल्या. “पाटीवर धाडसी मौनच ठेवलंय मी. छापून झाली.”

तो पायीच इस्पितळात गेला. खिशात काड्यापेटी होती, काड्यापेटीत टिपकागद, टिपकागदात ती. आईला आता उशीला टेकताही येत नव्हतं, पण तिनं डोळ्यांनी विचारलं आणि त्यानं काड्यापेटी उघडून दाखवली. तिनं मान हलवली. रौखबाई जाग्या होत्या आणि झोपल्याचं सोंग करत होत्या. त्यानं आईच्या कपाटाच्या खणातून नखं कापायची कात्री काढली.

“चेहऱ्यातून नको,” आई म्हणाली, अगदी हळू. “कमरेतून काप.”

त्यानं कमरेतून कापली. वर दमलेला चेहरा आणि प्याला, खाली झग्याच्या चुण्या आणि मनोऱ्याचा पाया. खालचा अर्धा त्यानं स्वतःच्या तोंडात टाकला. आईनं अडवलं नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, गिरणीच्या दिव्याखाली तागा धरून बघावं तसं, कुठे काही सुटतंय का. आधी नुसतं कातडं, खारट, थोडा डिंक. चावता येत नव्हतं. मग मागाहून तो कडवटपणा आला आणि जीभ कडेनं बधिर होऊ लागली, आणि त्याला आपल्याला हे माहीत आहे असं वाटलं, फार पूर्वीपासून. त्यानं गिळलं. घशाशी अडकलं, मग गेलं.

वरचा अर्धा चमच्यात होता. त्याचा हात मात्र पुढे होईना.

“आता संध्याकाळपर्यंत थांबायचं ना,” तो म्हणाला. “मला काही होतंय का ते बघून.”

“ते मुलांसाठी,” आई म्हणाली, आणि तोंड उघडलं.